देव बदलीवर

दाजी लोहाराला रजा हवी होती. बस्स, एवढीच गोष्ट आहे ही. पण त्या एका रजेपायी बर्फाच्या मुलखातल्या तीन देवांना बहारीनच्या रेतीत उतरावं लागलं, आणि त्यातल्या एकाला तर... पण थांबा, घाई नको. आधी दाजी कोण ते ऐका.

साल एकोणऐंशी. तुबलीच्या खाडीकाठी गॅरेजं आणि वर्कशॉपं एकाला एक चिकटून उभी होती, त्यातल्या एका वर्कशॉपात दाजी वेल्डर होता. कुडाळकडचा, पिढीजात लोहार. उंची पाच फूट आणि वर एक बोट, पण हातात अशी कला की फाटलेलं लोखंड त्याच्याकडे आणलं तर शिवण कुठे घातली ते दुसऱ्याला सापडायचं नाही. येऊन चार वर्षं झाली होती. आला तेव्हा बायको मालू पोटुशी होती. मुलगी झाली, शेवंती नाव ठेवलं, ती उभी राहिली, बोलायला लागली, आणि हे सगळं दाजीला कळलं ते निळ्या अंतर्देशीयासारख्या परदेशी पत्रातून. दाजी कॅसेटवर आवाज भरून घरी पाठवायचा. एकदा मालूचं पत्र आलं: 'चेडू टेपरेकॉर्डराक बाबा म्हणता. निजताना तेच्यार चादर घालता.' चेडू म्हणजे पोरगी. आणि खाली लिहिलं होतं: 'येतलात तर रवाक येवा. पावणे म्हणान येव नकात.' राहायला या म्हणे, पाहुणे म्हणून येऊ नका.

ते पत्र वाचून दाजीने वेल्डिंगचा मास्क तोंडावर ओढला तो दुपारभर काढलाच नाही. हातात होल्डर होता, पण मशीन बंद होतं. सगळ्यांना दिसत होतं.

रजा देणारे साहेब म्हणजे चंद्रशेखर, पुण्याचे. सगळ्या कामगारांचे पासपोर्ट त्यांच्या पोलादी कपाटात आणि कपाटाची किल्ली त्यांच्या कमरपट्ट्याला. शुक्रवारी ते तिथल्या मराठी मंडळात संस्कृतीवर बोलायचे आणि शनिवारी वर्कशॉपात कामगारांचं मराठी सुधारायचे.

"सायब, माका रजा व्हयी," दाजी म्हणाला.

"'मला रजा हवी आहे' म्हणा, दाजी."

"मला रजा हवी आसा."

"मग बदली आणा. बदली आणा, रजा घ्या. नियम म्हणजे नियम."

बदली म्हणजे तुमच्या जागी तेच काम करणारा दुसरा माणूस. वर्कशॉपच्या फॉर्मवर एक ओळ होती: 'मूळ माणूस परत येईपर्यंत बदलीने जायचे नाही.' ती ओळ किती विषारी होती हे बघायचं तर बाळाजीकडे बघावं. बाळाजी सात वर्षांपूर्वी मावसभावाचा बदली म्हणून दोन महिन्यांसाठी आला होता. मावसभाऊ तिकडे गावात पंचायतीत निवडून आला, तिसऱ्या पोराचं बारसं करून मोकळा झाला, आणि बाळाजी इथे सातवा उन्हाळा खात ग्राइंडर चालवत होता. तेव्हापासून वर्कशॉपात कोणी 'बदली' हा शब्द नुसता उच्चारला तरी माणसं लघवीचं निमित्त करून उठायची. दाजीने गावाकडे चौदा जणांना पत्रं घातली. चौदाही जणांच्या पाठीत एकदम उसण भरली.

आणि मग आली खंडेनवमी. दसऱ्याचा आदला दिवस. चंद्रशेखर साहेब सकाळीच मंडळाच्या मीटिंगला गेले होते, तेवढीच देवाची कृपा. दाजीने पाने, छिन्न्या, हातोडे, ऐरण, सगळं रॉकेलने पुसून फळीवर मांडलं. हळद-कुंकू लावलं, मनामाच्या बाजारातून आणलेला नारळ ठेवला, झेंडू मिळाला नाही म्हणून पिवळ्या कागदाची फुलं वाहिली. आणि उदबत्ती लावतो न लावतो तोच दारात तीन गोरे उभे.

पहिला काणा म्हातारा. त्या भट्टीसारख्या हवेत डोक्याला लोकरीची रुंद टोपी आणि हातात छत्रीच्या काठीसारखं काहीतरी लांबलचक. दुसरा तांबड्या दाढीचा, दारातून आडवा होऊन आत आला. तिसरा सडपातळ, गुळगुळीत, बघितल्याबरोबर खिसा चाचपावा असा. त्याच्या वरच्या-खालच्या ओठांवर टाके घातल्याच्या खुणा होत्या. बाळाजीने लगेच त्याचं नाव टाकेवाला ठेवलं.

"आम्ही जहाजावरचे," म्हातारा चक्क मराठीत म्हणाला. "जहाज गोदीत आहे. एवढा हातोडा दुरुस्त करून हवा."

दाढीवाल्याने कमरेचा हातोडा काढून दाखवला. लोखंडी दांडा, मधोमध तडा गेलेला. दाजीने धरून बघायला हात घातला तर तो हलेना. दोन हात लावले, पाय रोवले, तरी हलेना.

"दांडो इतको आखूड कसो काय?" दाजीने विचारलं. "करणारो काम सोडून माशी मारी होतो काय?"

टाकेवाल्याला एकदम खोकला आला. दाढीवाल्याने त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा असता तर जळून गेला असता. "जुनी भानगड आहे," म्हातारा म्हणाला.

"होतला काम. पण आज नाय, उद्या," दाजी म्हणाला. "आज खंडेनवमी. आज हत्याराक काम सांगूचा नाय."

दाढीवाल्याचं डोकं फिरलं. त्याने पाय आपटला, आणि सित्रा बेटाच्या बाजूला कोरड्या आभाळात असं कडाडलं की फळीवरचा नारळ गडगडत खाली आला. म्हाताऱ्याच्या काठीच्या टोकाला भाल्याचं पातं चमकलं. टाकेवाला उगाचच क्षणभर कोल्हा झाला आणि पुन्हा माणूस झाला. म्हणजे थोडक्यात, ओळख पटवून झाली. आता ही काळी माणसं पायावर लोळण घेतील म्हणून तिघेही छाती काढून उभे राहिले.

दाजीने म्हाताऱ्याच्या बुटांकडे बघितलं. तळवे पार झिजलेले. दाजीच्या गावचा वेतोबा रात्रीचा गावावरून फिरतो, त्याला दर वर्षी नव्या वहाणा वाहाव्या लागतात. "देव आसत मेले," तो बाळाजीला म्हणाला आणि नारळ उचलून जागेवर ठेवला. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "बसा. चाय घेशात?"

देव जरा खट्टू झाले. पण त्यांना काय ठाऊक की कोकणातल्या माणसाला देवाचं नवल नसतं! तिथे देवाला कौल लावतात, गाऱ्हाणं घालतात, आणि काम झालं नाही तर चारचौघांत जाब विचारतात. रोजच्या बसण्याउठण्यातला देव, त्याला कोण घाबरतो? चहा आला. म्हातारा बशीतून प्यायला. बोलता बोलता त्याने सांगितलं की ज्ञान मिळावं म्हणून त्याने नऊ दिवस स्वतःला झाडाला टांगून घेतलं होतं. बाळाजी म्हणाला, आमच्या शाळेत मास्तर फुकट टांगायचे.

"पण हे काही तुमच्या पान्यासारखं हत्यार नाही," दाढीवाला अजून धुसफुसत होता. "हे शस्त्र आहे. याने मी राक्षसांची डोकी फोडतो."

"आमच्यात दोनांक एकच शब्द. हत्यार. ठेव हय, पान्याच्या बाजूक."

आता दाजीच्या आवाजात असं काही होतं की त्या राक्षसमाऱ्याने मुकाट्याने हातोडा फळीवर ठेवला. फळी मोडली. मग ऐरणीवर ठेवला. दाजीने त्याला हळद लावली, कुंकू लावलं, कागदाचं फूल वाहिलं आणि हात जोडले. मागून बाळाजीने जोडले, बाकीच्यांनी जोडले. आणि बघतात तर दाढीवाला रडतोय. नुसते डोळे पाणावले नव्हते, चांगला हुंदके देऊन रडत होता. हजार वर्षांत त्याच्या हातोड्याला कोणी एक फूल वाहिलं नव्हतं. त्याच्या मुलखात आता त्याच्या नावाचा आठवड्याचा एक वार तेवढा उरला होता, आणि त्या वारीही लोक कामावरच जायचे.

म्हाताऱ्याने घसा खाकरला. माझाही भाला आहे म्हणाला, लावलंत तर बोटभर कुंकू... दाजीने भाल्यालाही लावलं.

राहिला टाकेवाला.

"तुजा हत्यार खय?" दाजीने विचारलं.

त्याने ऐटीत जीभ बाहेर काढली.

"शिरा पडो! जिबेक कुंकू लावतत काय रे?"

वर्कशॉप खदखदून हसलं. दाढीवाला रडता रडता हसला. टाकेवाल्याने जीभ आत घेतली, आणि त्याचा चेहरा असा काही झाला की दाजीच्या मनात आलं, ह्याला कधीच कोणी काही वाहिलं नसावं. कुठल्याच मुलखात, कुठल्याच काळात. दुसरा देव असता तर गप्प बसला असता. पण हा पडला उपद्व्यापी.

"फार शहाणा लोहार दिसतोस," तो म्हणाला. "हे ओठ बघ. तुझ्याच एवढ्या एका ठेंगण्या लोहाराने शिवले होते. तेव्हापासून तुमच्या जातीवर माझा दात आहे. पैज लाव. उद्या दुपारच्या बांगेच्या आत दांडा जोडलास तर मागशील ते देईन. नाही जोडलास तर तुझे ओठ मी शिवीन. पुन्हा एक शब्द बोलायचा नाहीस, कोणाशी."

दाजीला कॅसेट आठवली. ओठ शिवले तर पोरीला तो आवाजही मिळायचा नाही. पण चार वर्षं एकच शब्द घोळवून घोळवून तोंडाला चव राहिली नव्हती, तोच बाहेर पडला.

"माका बदली व्हयो."

"बदली?" टाकेवाला मांडीवर थाप मारून हसला. मनामाच्या बाजारात तीन दिवस फिरून त्याने हिंदी-मराठी उचललं होतं. पण शब्द उचलणं वेगळं आणि शब्दाची खोड कळणं वेगळं. "अरे, बदलणं हाच तर माझा धंदा! मी घोडी झालोय, मासा झालोय, म्हातारी झालोय. मीच बदली! माझ्यासारखा बदली तुला नवखंडांत सापडणार नाही!"

बाळाजीच्या हातातून चहाचा ग्लास पडला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सात वर्षांत त्या वर्कशॉपात स्वतःच्या तोंडाने 'मी बदली' म्हणणारा हा पहिला प्राणी होता, आणि त्याचा गैरसमज दूर करावा असं एकालाही वाटलं नाही. दाजीच्या मनात पाप होतं का? होतं. चांगलं मोठं होतं.

"मगे गाऱ्हाणां घालूया," तो म्हणाला. "तोंडी पैज आमच्यात चलना नाय."

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वयवाटीच्या देवा म्हाराजा!" दाजीने सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!" कामगार ओरडले.

"आज हय तुबलीच्या रेतीत तुजी हत्यारा पुजली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता दाढीवालाही ओरडला.

"उद्या ह्या दाजीच्या हातान दांडो सांधलो गेलो, तर ह्यो टाकेवालो पावणो दाजीचो बदली म्हणान उभो ऱ्हवतलो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ठेका असा लागला होता की सगळ्यांत मोठा आवाज टाकेवाल्याचाच निघाला. म्हाताऱ्याने भाला जमिनीवर आपटला. त्यांच्या मुलखात भाल्यासमोर दिलेला शब्द मोडता येत नाही, देवालाही नाही.

"ह्येच्यात जो कोण वाकड्यात शिरात, तेका सरळ कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सकाळी सातला उत्तरपूजा करून दाजी कामाला लागला. हातोडा दुसऱ्या कोणाला उचलेना, म्हणून दाढीवालाच हेल्पर. "फिरव. वायच डावीकडे. अरे वायच म्हटलंय, हिसको नको!" गडगडाटाचा देव, पण गुपचूप ऐकत होता. म्हातारा पाठ करून भिंतीकडे बघत बसला. डोळा एकच आहे, म्हणाला, जपायला हवा.

आणि टाकेवाला? तो तर सकाळपासून दिसतच नव्हता. फक्त एक मोठी निळी माशी भणभणत होती.

पहिले दोन तास फुकट गेले. रॉड वितळायचा आणि त्या देवाच्या लोखंडावरून ओघळून खाली पडायचा, अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा. नऊ वाजले, साडेनऊ झाले. बाळाजी न सांगता देवाचं नाव घ्यायला लागला, आणि कुठल्या देवाचं घ्यावं ते त्याला कळेना. शेवटी दाजीने मशीन बंद केलं. त्याला बापाची भट्टी आठवली. बाप म्हणायचा, हट्टी लोखंडाशी बोलायचं तर आधी त्याला ताप आणावा. त्याने गॅसची शेगडी लावली, दांडा गुंजेसारखा लाल होईपर्यंत तापवला, आणि मग होल्डर उचलला.

रॉड धरला. पहिला टाका पडला.

माशी हातावर येऊन बसली आणि कडाडून चावली, पण हातात चामड्याचे मोजे होते. मानेवर चावली, तर ठिणग्यांसाठी मानेभोवती ओला पंचा गुंडाळलेला. मग तिने तिसरा डाव काढला. हाच डाव पूर्वी एकदा त्या दुसऱ्या लोहारावर चालला होता, पापणीवर चावून त्याचा हात हलवला होता आणि त्यातूनच हातोड्याचा दांडा आखूड राहिला होता. ती थेट डोळ्यावर झेपावली. पण त्या जुन्या काळी वेल्डिंगचा मास्क कुठे होता? माशी काळ्या काचेवर टणकन आपटली, पाय घसरले, आणि उलटी फिरली तो समोर पेटलेला आर्क, वेल्डिंगची ती डोळे जाळणारी विजेची ज्योत. उघड्या डोळ्यांनी, चार बोटांवरून बघितला तिने.

वेल्डिंगचा आर्क लागणं काय असतं ते ज्याला लागलाय त्याला विचारा. इतक्या जवळून लागला तर अर्ध्या तासात डोळ्यांत मिरचीची पूड आणि वाळू एकदम भरल्यासारखं होतं. वर्कशॉपच्या मागून किंकाळ्या ऐकू आल्या. बघतात तर टाकेवाला डोळे चोळत रेतीत लोळतोय. देव असला तरी बाळाजीला दया आली. वेल्डरांचं औषध एकच, बटाट्याच्या चकत्या. त्याने मेसमधून बटाटा आणून कापला, दोन चकत्या दोन्ही डोळ्यांवर ठेवल्या आणि वरून फडकं बांधलं.

इकडे दाजीने जोड पुरा करून दाढीवाल्याकडून हातोडा पिंपातल्या गरम रेतीत पुरून घेतला, एकदम निवून तडकू नये म्हणून. सव्वाअकराला त्याच्याकडूनच बाहेर काढून घेतला. दाढीवाल्याने हातात घेऊन तोलला आणि दारातून खाडीपलीकडे भिरकावला. हातोडा गेला तो थेट मुहर्रक बेटापर्यंत. तिथल्या बुसैतीन वस्तीतल्या कोणाच्या तरी गच्चीवरचा टीव्हीचा अँटेना वाकवून उलटा फिरला आणि बरोब्बर त्याच्या मुठीत येऊन बसला. मग कुठे दुपारची बांग झाली.

"हरलो," टाकेवाला बटाट्यांखालून म्हणाला. "चला, उरकून टाका. बदली हवा ना? हा घे बदली!" आणि पापणी लवते न लवते तो तो हुबेहूब दाजी झाला. पाच फूट, वर एक बोट, हाताच्या भाजल्याच्या डागांसकट. "झालं? फिटलं?"

"फिटतला. हापिसात चल." बाकीचे दोघे देवही मागोमाग निघाले.

चंद्रशेखर साहेबांनी चष्म्यावरून दोन दाजी बघितले. देव समोर उभा होता, पण साहेबांना ओळखू आला नाही. त्यात त्यांची चूक नाही म्हणा. कामगारांच्या तोंडाकडे बघायची त्यांना सवयच नव्हती.

"हा कोण?"

"बदली, सायब. चुलतभाव."

"चेहरा मिळतो. डोळ्यांना काय झालं?"

"आर्क लागलो."

"म्हणजे अनुभवी आहे. पासपोर्ट?"

म्हाताऱ्याने टोपीतून एक पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. कसा, कुठला, विचारू नका. साहेबांनी तो उघडलाही नाही. कपाटातून दाजीचा काढला, हा त्या जागी ठेवला, किल्ली फिरवली. मग फॉर्म पुढे सरकवला.

"वाचून सही करा."

"डोळे उघडत नाहीत."

"मग नुसती करा."

आता गंमत बघा. ज्याने राक्षसांना फसवलं, देवांना फसवलं, एकदा म्हणे पैजेत डोकं हरला तेव्हा 'डोकं दिलं, मान नाही' म्हणून सुटला, त्या सगळ्या फटींच्या मालकाने बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर घेऊन न वाचता सही ठोकली. साहेबांनी टीपकागद फिरवला आणि ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. मूळ माणूस परत येईपर्यंत बदलीने जायचे नाही.

"जायचं नाही म्हणजे?" टाकेवाल्याने फडकं ओढून काढलं. "बदली म्हणजे बदलणारा! मी बदललो. संपलं!"

"तुम्ही मला व्याकरण शिकवू नका," साहेब म्हणाले. "बदली हे नाम आहे. उद्या सहा वाजता कामावर हजर व्हायचं."

टाकेवाल्याने म्हाताऱ्याकडे बघितलं. "तू व्हय म्हाराजा म्हणालास," म्हातारा म्हणाला. "माझ्या भाल्यासमोर. आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणालास." दाढीवाला त्याच्यासाठी काही बोलणार होता, पण एव्हाना आणखी सहा-सात कामगार त्याच्याभोवती जमले होते आणि, दादा, तुम्ही कोणाचे बदली व्हाल काय, असं फार गोड आवाजात विचारत होते. त्याने हातोडा उचलला, पुढच्या खंडेनवमीला येतो म्हणाला, आणि जो सुटला तो खाडीच्या दिशेने. राक्षसांसमोर तो कधी इतक्या जोरात पळाला नसेल.

चौथ्या दिवशी दाजीचं विमान. त्या चार दिवसांत टाकेवाला दाजीच्या खाटेवर झोपला, दाजीच्या रांगेत जेवायला उभा राहिला, आणि साहेबांनी त्याचं मराठी दोनदा सुधारलं. पिकअपवाला वली दारात हॉर्न वाजवायला लागला. दाजीने ट्रंक मागे टाकली. छातीच्या खिशात पासपोर्ट होता, आणि तो तिथे आहे ना हे तो दर मिनिटाला हाताने बघत होता.

टाकेवाला गेटपर्यंत आला. दाजीचाच बॉयलर सूट, दाजीचेच हात, पण डोळे लालभडक. चारच दिवसांत त्याची सगळी ऐट उतरली होती.

"दोन महिने ना?" त्याने विचारलं. "रजा दोन महिन्यांचीच आहे ना?"

दाजीने पिकअपच्या पायरीवर पाय ठेवला, मागे वळला, आणि जन्मभराच्या सवयीने बोलून गेला, "येतंय हां."

टाकेवाल्याचा चेहरा उजळला. "ऐकलंत?" तो ओरडला. "येतो म्हणाला! शब्द दिला! बाळाजी, तू साक्षीदार!"

बाळाजी खाली बघून ग्राइंडरची वायर गुंडाळत राहिला. मजा बघायला मागे राहिलेला, पिंपावर बसलेला म्हातारा, ज्याला जगातली प्रत्येक भाषा तिच्या खोडींसकट ठाऊक होती, तो मात्र हसायला लागला. खांदे हलवत, टोपी तोंडावर धरून हसत होता. दाजीला आधी कळेना की हा हसतो कशाला. मग कळलं. घर सोडताना जातो म्हणू नये, हे आईच्या दुधाबरोबर आलेलं. बाजारात जाणारा येतो म्हणतो, मुंबईला जाणारा येतो म्हणतो, जो कधीच परतणार नाही तोही उंबऱ्यावर येतो म्हणूनच निघतो. त्याचा आणि परत येण्याचा काय संबंध? पण हे त्या परमुलखातल्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. दाजीला वाईट वाटलं. बाळाजीची सात वर्षं त्याने डोळ्यांनी बघितली होती. माणसाला असं इथे टाकून जायची त्याची छाती झाली नसती, दोन महिन्यांनी तो मान खाली घालून परत आला असता, पोरीला नुसता चेहरा दाखवून. पण हा माणूस नव्हता. ह्याला बायको नव्हती वाट बघणारी, ह्याच्याकडे हजारो वर्षं पडलेली होती, आणि ओठ शिवायला निघाला होता तो.

"दाजी!" मागून त्याचाच आवाज आला. "पुन्हा एकदा सांग!"

दाजीने खिडकीतून तोंड बाहेर काढलं. "येतंय!" तो ओरडला. "येतंय रे, येतंय!"

पिकअप वळली. खाडी गेली, गॅरेजांची रांग मागे पडली. विमानतळाच्या रस्त्याला लागल्यावर वलीने विचारलं, "वापस कब आएगा, दाजी?"

दाजीने छातीच्या खिशातला पासपोर्ट पुन्हा एकदा चाचपला. मग जो शब्द आयुष्यात कधी तोंडातून काढला नव्हता तो त्याने काढला.

"जातंय," तो म्हणाला.